तांब्यावरची चमक : नागपुरातील एका चित्रकला शिक्षकाच्या निर्णयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या चित्रकाराचे आहे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून कुटुंबाचे तपशील आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र घडली तशीच ठेवली आहेत. लेखात त्यांना केवळ 'सर' म्हटले आहे. मी त्याच शाळेत गणित शिकवतो आणि या प्रकरणात माझा वाटा एवढाच, की एका टप्प्यावर तासांचा आणि पैशांचा हिशेब मी मांडून दिला.

सरांनी पेंटिंगचे शिक्षण नागपुरातच घेतले, पुढे आर्ट टीचर डिप्लोमा केला आणि जून १९९९ मध्ये ते आमच्या शाळेत रुजू झाले. पहिली सात-आठ वर्षे ते नियमित चित्रे काढत होते. महाल या जुन्या वस्तीतले वाडे, शुक्रवारी तलावाचा काठ, इतवारीतले हमाल असे त्यांचे विषय असत. राज्य कला प्रदर्शनात त्यांचे एक चित्र निवडले गेले होते आणि दोन समूह प्रदर्शनांत त्यांचा सहभाग होता. त्यानंतर चित्रे हळूहळू कमी होत गेली. २०१७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मागील तीन वर्षांत पूर्ण झालेली चित्रे किती असे मी विचारले, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून 'चार' असे सांगितले आणि त्यातली दोन शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी केलेली होती हेही स्वतःहून सांगितले.

याच काळात शहरात त्यांचे नाव मात्र वाढले होते, पण ते 'ए ग्रेड मिळवून देणारे ड्रॉइंगचे सर' म्हणून. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या पालकांना नव्याने सांगायला नकोत. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५ आणि 'क' ला ३, आणि त्यामुळे ज्या घरांत एरवी रंगपेटीही नसते त्या घरांतली मुलेसुद्धा शिकवणीला येतात. सरांच्या पत्नीनेही आर्ट टीचर डिप्लोमा केलेला आहे. त्यांच्या नावाने भाड्याच्या हॉलमध्ये वर्ग चालत आणि प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक तास सर स्वतः घेत.

अडचण

जुलै २०१७ मधल्या एका तासाला सर नववीच्या वर्गासमोर वस्तुचित्राचे प्रात्यक्षिक देत होते. टेबलावर नेहमीची मांडणी होती : तांब्या, निळे कापड आणि दोन संत्री. सरांचा हात या मांडणीवर इतका बसलेला होता की तांब्याचा आकार, कडेची गडद छाया, कापडावरची पडछाया आणि शेवटी उजव्या खांद्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचा एक ठिपका, हे सगळे वीस मिनिटांत उभे राहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तुम्ही चमक इकडे काढली, पण खिडकी तर तिकडे आहे ना." वर्ग हसला. सरांनी वळून तांब्याकडे पाहिले. त्या दिवशी मांडणीचे टेबल नेहमीच्या जागी नव्हते, खिडकी डावीकडे होती आणि तांब्याचा उजवा खांदा पूर्ण अंधारात होता.

तास संपल्यावर ते शिक्षक खोलीत आले तेव्हा मी तिथे होतो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीस मिनिटं मी त्या तांब्याकडे एकदाही पाहिलं नाही." त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी राजीनाम्याचा विषय काढला. नोकरीने आपल्यातला चित्रकार संपवला, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांच्या मित्रांपैकी बहुतेकांचे मतही तेच होते.

मला हे निदान पटले नाही, पण तेव्हा माझ्याजवळ त्याविरुद्ध काही पुरावा नव्हता. म्हणून मी त्यांना एक साधी विनंती केली, की दोन आठवडे प्रत्येक तासाची नोंद ठेवा, मग ठरवू. माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णय हाच होता : लगेच अर्ज न करता दोन आठवडे नोंद ठेवण्याचा.

नोंदीतून जे दिसले ते आम्हा दोघांनाही अनपेक्षित होते. शाळा दुपारच्या पाळीची, साडेअकरा ते साडेपाच. शनिवार धरून आठवड्याचे ३४ तास. शिकवणीचे वर्ग रोज सकाळी सात ते नऊ, रविवारी आठ ते बारा आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी. तपासणी आणि तयारी मिळून हे साडेसव्वीस तास होत होते. स्वतःच्या चित्रांसाठी उरले ते आठवड्याला ३ तास २० मिनिटे आणि तेही सगळे रात्री दहानंतरचे, ट्यूबलाइटखालचे. चित्रकाराला यातला फरक सांगावा लागत नाही. ट्यूबच्या निळसर उजेडात पिवळे आणि तांबूस रंग फिके वाटतात, म्हणून हात ते वाढवत जातो आणि सकाळी तेच चित्र अंगावर येते. सर कित्येक चित्रे अर्धवट सोडत होते ती या कारणाने, हे त्यांनाही नोंदी वाचताना उमगले. दिवसाच्या उजेडातले १६ तास शिकवणीकडे जात होते. शाळेने त्यांची सकाळ घेतलीच नव्हती.

पैशांचा हिशेब त्याहून बोलका निघाला. वर्गातून महिन्याला पंचवीस हजार येतात, असे सर धरून चालले होते. हंगामात ६२ मुले आणि प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे आकडा बरोबर होता. पण त्यातून हॉलचे भाडे ७,०००, कागद आणि साहित्य ३,००० आणि मदतनीस मुलीचे मानधन ३,००० वजा होत होते. परीक्षेनंतर मुले निम्म्यावर येत, मे महिन्यात वर्ग बंद असला तरी भाडे चालूच राही. वर्षाची शिल्लक बारा महिन्यांवर पसरली तेव्हा ती महिन्याला साधारण साडेपाच हजार रुपये भरली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय तत्काळ राजीनाम्याचा होता. सरांची नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असल्याने त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू होती, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ नुसार वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. त्यांची सेवा अठरा वर्षे झाली होती. दोन वर्षे आधी राजीनामा देणे म्हणजे निवृत्तिवेतनावर पाणी सोडणे होते, आणि मुलगी अकरावीत असताना हे परवडणारे नव्हते. दुसरा पर्याय जून २०१९ पर्यंत थांबून स्वेच्छानिवृत्ती घेण्याचा. तिसरा सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा. त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही, कारण रजेच्या काळात सकाळचे वर्ग चालूच राहणार होते.

या चर्चेत सर चित्रकारांची उदाहरणे देत आणि मला ती महत्त्वाची वाटत, कारण माणूस उदाहरण कोणाचे देतो यावरून त्याला काय हवे आहे ते कळते. ते वारंवार नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे वळत. बेंद्रे १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले, पुढे तिथे अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये ते पद सोडून मुंबईत पूर्णवेळ चित्रकलेकडे आले. दुसरे नाव वासुदेव गायतोंडे यांचे. १९२४ साली याच नागपुरात जन्मलेला हा चित्रकार वर्षाला मोजकीच चित्रे करी आणि उरलेला वेळ पाहण्यात आणि थांबण्यात घालवी. "मला तो थांबण्याचा वेळ हवा आहे," असे सर म्हणत.

मी त्यांना उलट बाजूची दोन नावे आठवून दिली. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत जन्मलेले शंकर पळशीकर पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता झाले आणि शिकवता शिकवता चित्रकार राहिले. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला विद्यालयात शिकले, आणि त्यांच्या चित्रांतला बिंदू कुठून आला हे विचारल्यावर ते प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांचे नाव घेत. या चंचल मुलाचे लक्ष एकाग्र व्हावे म्हणून त्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता. सरांनी त्यावर दिलेले उत्तर मला अजून आठवते : त्या गुरुजींनी ठिपका काढला तेव्हा ते मुलाकडे पाहत होते, मी काढला तेव्हा कशाकडेच पाहत नव्हतो.

चौथा पर्याय, म्हणजे नोकरी ठेवून शिकवणीतून बाहेर पडणे, हा सुरुवातीच्या यादीत नव्हताच. तो नोंदींच्या कागदावरून पुढे आला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट टेबलावर ठेवावी लागली, जी आम्ही दोघेही बरीच वर्षे नजरेआड करत आलो होतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे. वर्ग पत्नीच्या नावाने असले तरी शिकवत होते सर. 'सगळेच करतात' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही आणि हा मुद्दा चर्चेच्या शेवटी न येता सुरुवातीलाच यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही सर आठ दिवस अडून राहिले. साडेपाच हजारांसाठी नव्हे. शहरात ओळख देणारी एकमेव गोष्ट हातची जाईल, ही भीती होती. रस्त्यात पालक थांबून नमस्कार करतात तो त्या वर्गांमुळे, चित्रांमुळे नव्हे, हे त्यांनी एकदा अत्यंत सरळपणे कबूल केले. वहिनींनी मात्र बाजू घेतली ती चित्रांची. संध्याकाळी घरीच, मोजक्या मुलांचा वर्ग आपण एकट्या घेऊ, हॉल सोडून देऊ, असे त्यांनी सुचवले आणि प्रश्न मार्गी लागला.

केलेली कार्यवाही

नाव नोंदवलेल्या मुलांची परीक्षा होईपर्यंत वर्ग चालू ठेवायचा आणि त्यानंतर हॉल सोडायचा, असे ठरले. ऑक्टोबर २०१७ अखेर किल्ली परत केली. घरातली उत्तरेकडच्या खिडकीची खोली रिकामी केली, कारण उत्तरेचा उजेड सकाळभर फारसा बदलत नाही, आणि सकाळी सव्वासहा ते पावणेदहा ही वेळ पक्की केली.

त्यानंतरचे नऊ महिने या प्रकरणातले सर्वांत अवघड होते, आणि अशा गोष्टी सांगताना नेमका हाच भाग गाळला जातो म्हणून तो येथे नोंदवतो. वेळ मिळाला, उजेड मिळाला, आणि हात तोच तांब्या काढत राहिला. कॅनव्हासवर महालातला वाडा असो की तलाव, छाया ठरलेल्या जागी पडत होती आणि चमक ठरलेल्या जागी उमटत होती. सर पॅलेट नाईफने रंग खरवडून काढत आणि पुन्हा सुरू करत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळू लागले, वाळ्याच्या कूलरच्या ओलाव्याने जलरंगाचा कागद फुगू लागला आणि त्यांनी तैलरंगाकडे मुक्काम हलवला. जून उजाडेपर्यंत खरवडलेले अकरा कॅनव्हास भिंतीला टेकून उभे होते. या काळात ते दोनदा मला म्हणाले, की आपला निर्णय चुकला. मी त्यांना धीर दिला खरा, पण माझीही खात्री डळमळली होती.

वळण आले ते शाळेतूनच. ऑगस्ट २०१८ मध्ये तान्हा पोळा जवळ आला होता. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, आणि विदर्भातल्या बहुतेक घरांत असा एखादा बैल माळ्यावर असतोच. सरांनी तांब्या-कापड बाजूला ठेवून मुलांना आपापले बैल वर्गात आणायला सांगितले. पस्तीसएक बैल बाकांवर उभे राहिले. त्यात एका मुलाच्या आजोबांच्या लहानपणचा बैल होता : चाके गेलेली, लाकूड तेल प्यायल्यासारखे काळपट, डावे शिंग कधीतरी फेव्हिकॉलने चिकटवलेले. वशिंडावर आणि शिंगांच्या बुडाशी, जिथे तीन पिढ्यांनी तो धरला, तिथे वरचा पिवळा रंग झिजून खालचा लाल उघडा पडला होता आणि त्याखाली लाकूड. या बैलासाठी सरांकडे तयार पद्धत नव्हती. मुलांसोबत तेही बाकावर बसले आणि दोन तास पाहून पाहून रेखाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीजवळचा एक खरवडलेला कॅनव्हास उचलला. खालचा लाल थर त्यावर आधीच होता. त्यावर यलो ऑकर चढवून, तो अर्धवट वाळला असताना, जिथे हात पडत असतील तिथे त्यांनी तो नाईफने काढला. नऊ महिने ज्या कृतीने ते आपली चूक पुसत होते तीच कृती आता चित्र घडवत होती. त्या अकरांपैकी नऊ कॅनव्हासवर पुढे बैल आले.

परिणाम

शाळेतला पहिला परिणाम प्रतिकूल होता. सरांनी ठरीव पद्धत शिकवणे थांबवल्यामुळे २०१८ च्या परीक्षेत शाळेच्या 'अ' श्रेणी १४ वरून ९ वर आल्या. काही पालक मुख्याध्यापकांना भेटले आणि सरांना लेखी खुलासा द्यावा लागला. पुढच्या वर्षीपासून त्यांनी वर्षाचे दोन भाग केले : बहुतेक काळ पाहून काढणे, आणि परीक्षेपूर्वीचे सहा आठवडे वेळेचे नियोजन, भूमिती, अक्षरलेखन अशी परीक्षेची तयारी. श्रेणी पूर्ववत झाल्या. ही तडजोड मला योग्य वाटते; सात गुणांची गरज असलेल्या मुलाला आपल्या कलाविषयक शोधाची किंमत मोजायला लावणे शिक्षकाला शोभत नाही.

घरचे उत्पन्न फारसे घटले नाही. वहिनींच्या वर्गाला वीस मुले येतात आणि भाड्याचा खर्च उरलेला नाही.

जून २०१९ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. स्वेच्छानिवृत्तीचा नमुना त्यांनी आणून ठेवला होता. तो भरला नाही. जानेवारी २०२० मध्ये सिव्हिल लाइन्समधील एका दालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, २७ चित्रांचे. चार चित्रे विकली गेली आणि त्यातून चौकटींचा खर्चही पूर्ण निघाला नाही. पण सहाही दिवस वयस्कर माणसे येत राहिली आणि आपापल्या घरच्या बैलाविषयी बोलत राहिली. करोनाची दोन वर्षे ऑनलाइन तासांत गेली. सकाळ मात्र मोडली नाही.

काय वेगळे करता आले असते

तासांची नोंद दहा वर्षे आधी व्हायला हवी होती. नोकरी की कला हा प्रश्न इतका ओळखीचा आहे, की तो समोर आला की माणूस बाकीचे पाहतच नाही.

मदतनीस मुलीचा विचार आम्ही केला नाही. ती सरांचीच माजी विद्यार्थिनी होती आणि तीन हजारांत स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवत होती. वर्ग बंद होण्याची बातमी तिला शेवटच्या महिन्यात कळली. सरांनी नंतर तिला दुसरीकडे काम मिळवून दिले, तरी तिचे एक सत्र वाया गेले. जुलैमध्ये निर्णय झाला तेव्हाच तिला सांगणे हे आमचे कर्तव्य होते.

चित्रे ठेवण्याची व्यवस्थाही आधी करायला हवी होती. २०१९ च्या पावसाळ्यात कागदावरची तीन चित्रे बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि ऑगस्टमध्ये त्यांवर बुरशी चढली. भिंत आणि चित्र यांत चार बोटे अंतर आणि खाली लाकडी पट्ट्या, एवढ्याने ती वाचली असती.

मुख्याध्यापकांना शिकवण्यातल्या बदलाची कल्पना निकालानंतर नव्हे, सत्राच्या सुरुवातीला द्यायला हवी होती. खुलासा द्यावा लागला तो बदलामुळे कमी आणि न सांगितल्यामुळे जास्त.

सद्यःस्थिती

मुंबईतील एका दालनाकडे सरांनी प्रदर्शनानंतर अर्ज केला होता. तिथली प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते. गेल्या जूनमध्ये त्यांना तारखा मिळाल्या आणि त्या नेमक्या रेखाकला परीक्षेच्या तयारीच्या आठवड्यांत आल्या. या वेळी त्यांनी मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगितले आणि तयारीचे वेळापत्रक पंधरा दिवस अलीकडे ओढून घेतले. आजवर चित्रांच्या कामासाठी घेतलेल्या प्रत्येक रजेच्या अर्जात ते 'घरगुती कारण' असे लिहीत आले होते. दहा दिवसांच्या या अर्जात कारणापुढे त्यांनी 'चित्रप्रदर्शन' असे लिहिले आहे.